ओळक्रमांकाची रुंदी : संख्या, अंक आणि मापन

१

टेक्स्ट एडिटरच्या पटलावर मजकुराच्या डाव्या अंगाला ओळींचे क्रमांक दाखवणारी एक अरुंद पट्टी असते. तिला येथे ‘समासपट्टी’ असे म्हटले आहे. ही पट्टी किती रुंद असावी, हा प्रश्न आपाततः क्षुल्लक वाटतो. सर्वांत मोठ्या क्रमांकाला जेवढी जागा लागेल तेवढी पट्टीची रुंदी, असे उत्तर कोणीही देईल. परंतु या एका उत्तरात तीन स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत. सर्वांत मोठा क्रमांक कोणता, हा पहिला. तो लिहिण्यास किती चिन्हे लागतात, हा दुसरा. आणि ती चिन्हे पटलावर किती जागा व्यापतात, हा तिसरा. पहिला प्रश्न मजकुराच्या साठवणीचा आहे, दुसरा अंकलेखनाचा आणि तिसरा टंकाचा. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी या तिन्हींचा विचार क्वचितच सारख्या काळजीने केलेला दिसतो. ज्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले, त्याच्या जागी बहुधा एखादे गृहीतक न बोलता येऊन बसलेले असते.

या गृहीतकांची चिकित्सा करण्याचे कारण केवळ तात्त्विक नाही. पट्टी एका अंकाने रुंदावली की सगळा मजकूर उजवीकडे सरकतो. लांब ओळी वेगळ्या ठिकाणी मोडतात. पाठभेद ताडून पाहणाऱ्याची किंवा प्रोग्राम तपासणाऱ्याची नजर जेथे स्थिरावली होती, तेथून ती ढळते. शिवाय पटल पुन्हा रेखाटण्याचे काम जवळजवळ प्रत्येक कळ दाबताना करावे लागते. म्हणून रुंदीचे मापन अचूक हवे आणि स्वस्तही हवे. या दोन अपेक्षा परस्परविरोधी नाहीत. परंतु स्वस्ताईसाठी कोणते गृहीतक स्वीकारले, हे स्पष्ट नसेल तर अचूकता नकळत गमावली जाते.

येथे पाच प्रोग्रामांतील या प्रश्नाची हाताळणी तपासली आहे : ईमॅक्स, व्हिम, क्यूटी या साधनसंग्रहाबरोबर शिकवणीसाठी दिलेला एडिटरचा नमुना, ब्राउझरमध्ये चालणारा कोडमिरर, आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या गाभ्याशी असलेला मोनॅको. या सर्वांची मूळ संहिता वाचनास खुली आहे, आणि एखाद्या ग्रंथाची संहिता जशी तपासावी तशी ती तपासता येते.

२

प्रथम अंकलेखनाचा प्रश्न घेणे सोयीचे होईल, कारण उरलेले दोन्ही प्रश्न त्याच्यावर अवलंबून आहेत. ‘सर्वांत मोठा क्रमांक मोजला की पुरे’ या विधानात एक प्रमेय गृहीत धरले आहे. ते असे की संख्या वाढली तर तिचे लेखन आखूड होत नाही. दशमान स्थानमूल्यपद्धतीत हे प्रमेय खरे आहे. ९ नंतर १० येतात, ९९ नंतर १०० येतात. अंकांची संख्या तेवढीच राहते किंवा वाढते, कधी घटत नाही. म्हणून शेवटच्या ओळीचा क्रमांक तपासला की आधीच्या सर्वांचा निकाल आपोआप लागतो.

मात्र हा गुण संख्येचा नसून लेखनपद्धतीचा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. रोमन पद्धतीत ८ लिहिण्यास चार चिन्हे लागतात आणि १० लिहिण्यास एकच पुरते. मराठीत संख्या शब्दांनी लिहिल्या तरी हाच अनुभव येतो. ‘एकोणऐंशी’ हा शब्द ‘ऐंशी’पेक्षा लांब आहे, ‘एकोणसाठ’ हा ‘साठ’पेक्षा लांब आहे, आणि ‘नव्याण्णव’ हा ‘शंभर’पेक्षा लांब आहे. ‘एकोण’ने सुरू होणारी संख्यानामे पुढच्या दशकातून एक वजा करून बनलेली असल्यामुळे ती त्या दशकाच्या नावापेक्षा लांब असणे अपरिहार्य आहे. अशा लेखनात शंभराव्या ओळीच्या आधारे पट्टी आखली तर नव्याण्णवावी ओळ तीत मावणार नाही. संख्येचा क्रम आणि लेखनाच्या लांबीचा क्रम एकच असतो, ही दशमान अंकलेखनाची देणगी आहे. ती निसर्गदत्त समजणे चूक होय.

आता अंक मोजण्याची रीत. दोन रीती प्रचलित आहेत. संख्येला १० ने पुनःपुन्हा भागून भागाकार किती वेळा करावा लागला ते मोजणे, ही पहिली. संख्येचा १० पायाचा लॉगरिथम घेऊन त्याच्या पूर्णांकात १ मिळवणे, ही दुसरी. व्हिम, मोनॅको आणि क्यूटीचा नमुना यांनी पहिली रीत घेतली आहे, तर ईमॅक्सने दुसरी. कार्यक्षमतेची चर्चा पुष्कळदा याच ठिकाणी अडकून पडते, आणि ते निष्फळ आहे. ६४ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल किंमतही १९ अंकांचीच असते. म्हणजे भागाकाराची फेरी कोणत्याही परिस्थितीत १९ पेक्षा अधिक वेळा होत नाही. दहा हजार ओळींच्या मजकुराला पाच भागाकार लागतात. पटलावर एक अक्षर रेखाटण्यास याहून कितीतरी अधिक श्रम पडतात.

लॉगरिथमच्या रीतीत मात्र एक निराळा धोका आहे, आणि तो वेगाचा नसून अचूकतेचा आहे. १० पायाचा लॉगरिथम थेट न काढता नैसर्गिक लॉगरिथमांच्या भागाकाराने काढला, तर १००० या संख्येसाठी जावास्क्रिप्टमध्ये ३ ऐवजी २.९९९९९९९९९९९९९९९६ असे उत्तर येते. पूर्णांक घेताच ते २ होते, आणि चार अंकी संख्या तीन अंकी ठरते. ईमॅक्सने १० पायाच्या लॉगरिथमचे खास फलन वापरल्यामुळे ही अडचण टळली आहे. तरीही पूर्णांकांच्या प्रश्नाला अपूर्णांकांच्या वाटेने जाण्यात लाभ कोणता, हे सांगणे कठीण आहे. भागाकाराची रीत येथे अधिक सरळ आणि म्हणून अधिक ग्राह्य होय.

३

खरा खर्च पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आहे : सर्वांत मोठा क्रमांक कोणता? हा प्रश्न सोपा की अवघड, हे एडिटर मजकूर कसा साठवतो यावर ठरते.

व्हिममध्ये मजकूर ओळींच्या रूपाने साठवलेला असतो आणि एकूण ओळींची संख्या नेहमी हाताशी असते. त्यामुळे रुंदी काढणारे फलन अगदी आटोपशीर आहे. ते एकूण ओळींची संख्या घेते. ती संख्या, आणि किमान रुंदीचा वापरकर्त्याने ठरवलेला आकडा, ही दोन्ही मागच्या वेळेइतकीच असतील तर जतन करून ठेवलेले उत्तर परत देते. नसतील तर भागाकाराने अंक मोजून नवे उत्तर जतन करते. किमान रुंदी मूलतः ४ घरांची असते. क्रमांक आणि मजकूर यांच्यामध्ये एक घर मोकळे ठेवावयाचे असल्यामुळे प्रत्यक्ष अंकांना त्यांतील ३ मिळतात. म्हणजे ९९९ ओळींपर्यंत पट्टी हलत नाही, आणि १००० वी ओळ निर्माण होताच ती ५ घरांची होते. पटल रेखाटण्यापूर्वी नवी रुंदी जुन्या रुंदीशी ताडली जाते, आणि त्यांत फरक पडलेला असेल तरच सबंध खिडकी नव्याने रेखाटण्याचा आदेश निघतो.

या रचनेचे मर्म उत्तर जतन करण्यात आहे असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः पाच भागाकार वाचवण्याला फारसे महत्त्व नाही. महत्त्वाचे हे की पट्टीची रुंदी संपूर्ण मजकुरावर अवलंबून ठेवली आहे, खिडकीत या क्षणी काय दिसते यावर नाही. परिणामी वाचक मजकुरात वर-खाली कितीही फिरला तरी पट्टी स्थिर राहते. एका ओळीपासून १०,००,००० ओळींपर्यंत मजकूर वाढत गेला तरी अंकांची संख्या केवळ सहा वेळा बदलते, आणि तीही लिहिण्यामुळे. वाचण्यामुळे कधीच नाही. सापेक्ष क्रमांकांची सोय व्हिममध्ये २०१० साली ७.३ या आवृत्तीबरोबर आली. केवळ सापेक्ष क्रमांक दाखवावयाचे असतात तेव्हा मात्र खिडकीची उंची हीच कमाल संख्या मानली जाते, आणि ते तर्कशुद्धच आहे.

ईमॅक्सची परिस्थिती निराळी आहे. तेथे मजकूर म्हणजे अक्षरांची एक अखंड मालिका असून ओळ संपल्याची खूण हेही त्या मालिकेतील एक अक्षरच असते. एकूण ओळी किती, हे कळण्यासाठी त्या खुणा मोजाव्या लागतात. २००९ साली २३ व्या आवृत्तीबरोबर आलेल्या ‘लायनम’ या जोडप्रोग्रामातील ‘डायनॅमिक’ नावाची रीत नेमके हेच करीत असे. पट्टीचे अद्यतन होताना ती मजकुराच्या आरंभापासून अंतापर्यंतच्या ओळी मोजी, त्या संख्येचे अंकांत लेखन करी आणि त्या लेखनाची लांबी घेई. तीन-चारशे ओळींच्या मजकुरात हे खपून जाते. लाखो ओळींच्या मजकुरात ते असह्य होते. अंक किती, एवढे एकच लहानसे उत्तर मिळवण्यासाठी सगळा ग्रंथ पुनःपुन्हा चाळण्यासारखे ते होते.

एली झरेत्स्की यांनी सी भाषेत लिहिलेली आणि २०१८ साली २६.१ या आवृत्तीत आलेली नवी रचना या प्रश्नाला बगल देते. ती एकूण ओळी मोजतच नाही. खिडकीतील पहिल्या ओळीचा क्रमांक तिला ठाऊक असतो. जवळच्या एखाद्या ज्ञात ठिकाणापासून तो मोजून काढता येतो. त्यात खिडकीत मावणाऱ्या ओळींची संख्या मिळवून १ वजा केला की या खिडकीत दिसू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या क्रमांकाची वरची मर्यादा मिळते. पट्टीची रुंदी त्या मर्यादेवरून ठरते.

या युक्तीचे खरे मोल वेगापेक्षा अधिक आहे. खिडकीतील शेवटची ओळ प्रत्यक्षात कोणती असेल, हे लांब ओळी कोठे मोडतात यावर अवलंबून असते. ओळी कोठे मोडतात हे मजकुराला उरलेल्या रुंदीवर अवलंबून असते. आणि उरलेली रुंदी समासपट्टीवर अवलंबून असते. म्हणजे प्रत्यक्ष शेवटची ओळ शोधून पट्टी आखू म्हटले तर न्यायशास्त्रात ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात तो दोष पदरी येतो. वरची मर्यादा वापरल्यामुळे हे चक्र तुटते. मजकुराची एक ओळ पटलावर किमान एक ओळ व्यापते, एवढ्या एका विधानावर सगळे गणित उभे राहते.

परंतु या विधानालाही सीमा आहेत. मजकुराचा काही भाग मिटवून ठेवण्याची सोय जेथे वापरली जाते, तेथे पटलावरच्या एका ओळीमागे मजकुरातील शेकडो ओळी दडलेल्या असू शकतात. तेथे पहिल्या ओळीवरून काढलेली मर्यादा ही खरी मर्यादा राहत नाही, आणि आखलेली पट्टी पुढच्या क्रमांकाला अपुरी पडू शकते. उलट दिशेचे उदाहरणही घेता येईल. समजा, मजकूर ९५ ओळींचा आहे, खिडकीत ४० ओळी मावतात आणि पहिली दिसणारी ओळ ७० वी आहे. ७० + ४० − १ = १०९; म्हणून पट्टी तीन अंकी आखली जाते. या मजकुरात तीन अंकी ओळच नाही. तथापि हा दोष निरुपद्रवी मानता येईल.

निरुपद्रवी नाही तो दोष निराळा. वाचक ६० व्या ओळीच्या आसपास पोहोचला की पट्टी दोन अंकांवरून तीन अंकांवर जाते आणि मजकूर सरकतो. तो मागे आला की पुन्हा सरकतो. येथे लिहिण्यामुळे नव्हे, केवळ वाचण्यामुळे मजकूर हलतो. यावर उतारे दिलेले आहेत. पट्टी केवळ वाढू द्यावी, घटू देऊ नये, असा एक पर्याय; किमान रुंदी स्वतः ठरवण्याचा दुसरा; आणि क्रमांक सुरू करताना एकदाच एकूण ओळी मोजून रुंदी निश्चित करण्याचा तिसरा. यांतला तिसरा पर्याय अर्थपूर्ण आहे. लायनमने प्रत्येक अद्यतनास दिलेली किंमत तो एकदाच देतो आणि स्थैर्य विकत घेतो. तो मूळ वर्तन म्हणून स्वीकारलेला नाही, ही गोष्ट टीकेस पात्र आहे.

४

ईमॅक्समधील आणखी एक फलन स्वतंत्र विचारास योग्य आहे. ‘लाइन-नंबर-डिस्प्ले-विड्थ’ हे त्याचे नाव. समासपट्टीची रुंदी दुसऱ्या प्रोग्रामांना कळावी म्हणून ते आहे. उदाहरणार्थ, कोष्टकाचे शीर्षक स्तंभांच्या बरोबर वर बसवावयाचे असेल तर ही रुंदी ठाऊक असावी लागते. हे फलन रुंदी गणिताने काढीत नाही. खिडकीच्या आरंभबिंदूपासून मांडणीचे यंत्र प्रत्यक्ष सुरू करते, एक ओळ मांडल्यासारखी चालून जाते, आणि त्या ओघात यंत्राने पट्टीला किती जागा दिली ते वाचून घेते. आडव्या सरकवण्यामुळे पहिली ओळ दृष्टीआड गेली असेल तर क्रमांकच निर्माण होणार नाही, हे ओळखून ती सरकवणी नसल्याचे तात्पुरते मानले जाते. मजकुराचा काही भागच उघडा ठेवला असेल आणि आरंभबिंदू त्याच्या बाहेर असेल, तर ते बंधनही क्षणभर बाजूला ठेवले जाते.

या पद्धतीत प्रामाणिकपणा आहे. रुंदी ठरवण्याचे नियम दोन ठिकाणी लिहिले की आज ना उद्या ते एकमेकांपासून फारकत घेतात. म्हणून जे यंत्र रेखाटते त्यालाच विचारावे, हे धोरण योग्य आहे. परंतु प्रत्येक विचारणेला एक ओळ मांडावी लागते. प्रत्येक अद्यतनात पुनःपुन्हा विचारणा करणाऱ्या प्रोग्रामाला ही अचूकता महाग पडते. उत्तर स्वतःजवळ ठेवून खिडकी सरकल्यावरच नव्याने विचारणे, ही जबाबदारी विचारणाऱ्यावर येऊन पडते.

उत्तराच्या स्वरूपाविषयी मात्र अधिक कठोर व्हावे लागेल. हे फलन तीन प्रकारे उत्तर देते : पिक्सेलांत, खिडकीच्या प्रमाणभूत अक्षररुंदीच्या पटीत, किंवा क्रमांकाच्या टंकातील घरांत. क्रमांकाच्या आधी एक आणि नंतर एक अशी दोन घरे मोकळी सोडलेली असतात. पहिल्या दोन उत्तरांत ही दोन घरे समाविष्ट आहेत, तिसऱ्या उत्तरात नाहीत. हा भेद सूचनेत स्पष्ट नोंदवलेला आहे, हे खरे. तरीही एकाच नावाने विचारलेल्या प्रश्नाला एकदा ‘पट्टीची रुंदी’ आणि एकदा ‘अंकांसाठी राखलेली रुंदी’ असा अर्थ देणे ही परिभाषेची शिथिलता आहे. ज्या शब्दाचे दोन अर्थ वाक्याच्या संदर्भाने नव्हे, तर तळटीप वाचूनच कळतात, तो शब्द शास्त्रीय परिभाषेत चालवून घेतला जात नाही. प्रोग्रामाच्या परिभाषेलाही तोच निकष लावला पाहिजे.

५

आता तिसरा प्रश्न. टर्मिनलच्या पटलावर प्रत्येक अंक एक घर व्यापतो, म्हणून व्हिमला अंक मोजून थांबता येते. जेथे टंक निवडण्याचे स्वातंत्र्य आहे तेथे अंकांची संख्या पुरेशी ठरत नाही. अंकाची रुंदी मोजावी लागते. पुष्कळ टंकांत अंक सारख्या रुंदीचे असतात. खिळ्यांच्या छपाईच्या काळापासून कोष्टकांत आकडे एकाखाली एक यावेत म्हणून ही प्रथा पाळली गेली आहे. परंतु असेही टंक आहेत की ज्यांत १ अरुंद आणि ० रुंद असतो. तेथे १११ ही संख्या १०० पेक्षा मोठी असूनही तिचे लेखन कमी जागा व्यापते. दुसऱ्या विभागात सांगितलेले प्रमेय चिन्हांच्या मोजणीत खरे ठरले, तरी पिक्सेलांच्या मोजणीत ते ढासळते.

क्यूटीच्या नमुन्यात ९ या एकाच अंकाची रुंदी घेऊन तिला अंकांच्या संख्येने गुणले आहे आणि वर ३ पिक्सेल मिळवले आहेत. हे गणित ओळींची संख्या बदलल्याची सूचना मिळाली की केले जाते, आणि ही योजना उत्तम आहे. पण ९ हाच का? ९ हा मूल्याने सर्वांत मोठा अंक आहे. आकाराने सर्वांत मोठा असण्याशी त्याचा काही संबंध नाही. मूल्य आणि आकार यांची ही सरमिसळ, चिन्ह आणि चिन्हित यांतील भेद विसरल्याचे नमुनेदार उदाहरण होय. समरुंद टंकात तिचा परिणाम दिसत नाही, म्हणून ती खपून जाते. परंतु हा नमुना शिकवणीसाठी आहे. तो पाहून लिहिणाऱ्यांच्या हाती गणिताबरोबर हे गृहीतकही जाते, आणि ते गृहीतक आहे हे मात्र जात नाही.

कोडमिररच्या ५ व्या आवृत्तीची रीत अधिक सावध आहे. शेवटच्या ओळीचा क्रमांक प्रत्यक्ष लिहून, दृष्टीआड ठेवलेल्या घटकात मांडून, ब्राउझरकडून त्याची रुंदी मोजून घेतली जाते. ब्राउझरकडून असे मापन घेणे खर्चाचे असते. म्हणून लेखनाची लांबी बदलली तरच ते नव्याने केले जाते. येथे मापन खरे आहे, परंतु ते केव्हा करावे याचा नियम अपुरा आहे. मजकूर १११ ओळींचा असताना मापन झाले आणि पुढे तो १८८ ओळींचा झाला, तर लांबी तीनच राहिल्यामुळे नवे मापन होत नाही. १ अरुंद असलेल्या टंकात १११ वरून आखलेली पट्टी १८८ ला अपुरी पडू शकते. ६ व्या आवृत्तीत हे सुधारलेले दिसते. तेथे ९, ९९, ९९९ अशी केवळ नवांनी बनलेली संख्या तयार करून ती अदृश्य रूपाने पट्टीत ठेवली जाते, आणि पट्टी तिच्या रुंदीने आपोआप ताणली जाते. मापन करावेच लागत नाही. मांडणीचे नियमच ते काम करतात. ही कल्पना पाचही प्रोग्रामांत सर्वांत सुबक आहे. पण तिच्या पोटातही ९ हा सर्वांत रुंद अंक, हे गृहीतक शिल्लक आहेच.

हे गृहीतक टाळणारा एकच प्रोग्राम या पाचांत आढळतो. मोनॅको ० ते ९ या दहाही अंकांची रुंदी मोजतो आणि त्यांतील सर्वांत मोठी जतन करतो. पुढे तिला अंकांच्या संख्येने गुणले की झाले. किमान ५ अंकांची जागा मूलतः राखलेली असतेच. टंक बदलेपर्यंत नवे मापन नको, आणि कोणतीही संख्या या रुंदीबाहेर जाऊ शकत नाही. दहा मापने एकदाच, त्यानंतर केवळ गुणाकार : कार्यक्षमतेचा याहून समाधानकारक अर्थ सापडणे अवघड आहे.

६

आतापर्यंतच्या विवेचनात अंक म्हणजे यूरोपीय वळणाचे अंक, असे न सांगता मानले गेले. देवनागरी अंकांचा विचार केला की या रचनांची खरी कसोटी लागते. मराठी ग्रंथांत आणि नियतकालिकांत पृष्ठांकांपासून श्लोकांकांपर्यंत देवनागरी अंकच चालतात. पोथीत ओवीचा अंक ओवीच्या अखेरीस दोन दंडांच्या मध्ये येत असल्यामुळे समासाच्या रुंदीचा प्रश्न तेथे उद्भवला नाही. परंतु पटलावर मराठी संहिता संपादित करताना ओळक्रमांक देवनागरीत असावेत, ही अपेक्षा वाजवी आहे.

युनिकोडमध्ये ० ते ९ या देवनागरी अंकांना स्वतंत्र स्थाने आहेत, आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येक अंक ३ बाइट व्यापतो. जो प्रोग्राम लेखनाची लांबी बाइटांत मोजील, तो तिप्पट रुंद पट्टी आखील. हा दोष सहज दिसतो आणि म्हणून सहज दुरुस्तही होतो. सूक्ष्म दोष टंकाचा आहे. प्रोग्राम लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पुष्कळ समरुंद टंकांत देवनागरी अंक नसतात. ते दुसऱ्या टंकातून उसने घेतले जातात, आणि उसन्या अंकांची रुंदी मूळ टंकाशी जुळेलच असे नाही.

मोनॅकोत क्रमांकाचे लेखन वापरकर्त्याला आपल्या फलनाने बदलता येते, म्हणून देवनागरी अंक दाखवता येतात. परंतु पट्टीची रुंदी मात्र यूरोपीय अंकांच्या मापानेच ठरते. दहा अंक काळजीपूर्वक मोजणाऱ्या या प्रोग्रामाने कोणते दहा अंक मोजावेत, हा प्रश्न विचारला नाही. पाच अंकांची राखीव जागा असल्यामुळे ही उणीव सहसा झाकली जाते; ती झाकली जाते म्हणून नाहीशी होत नाही. कोडमिररच्या दोन्ही आवृत्त्यांत रुंदी बदललेल्या लेखनावरूनच ठरते. मापनाच्या काळजीत मोनॅको श्रेष्ठ, तर लेखनाच्या आदरात कोडमिरर श्रेष्ठ, असा निवाडा करावा लागेल.

ईमॅक्सचा इतिहास येथे विशेष उद्बोधक आहे. २०२३ साली २९.१ या आवृत्तीत कालबाह्य घोषित झालेल्या लायनममध्ये क्रमांकाचे लेखन वापरकर्त्याच्या फलनाकडे सोपवता येत असे. ते फलन देवनागरी अंक देऊ शके, इतकेच काय, संख्यानामेही देऊ शके. पट्टीची रुंदी ठरवताना तो प्रोग्राम खिडकीतील प्रत्येक क्रमांकाच्या लेखनाची लांबी पाही आणि त्यांतील सर्वांत मोठी घेई. म्हणजे ‘मोठी संख्या लांब असते’ या प्रमेयावर अखेरची रुंदी विसंबून नव्हती, आणि त्यामुळे ‘नव्याण्णव’ला ‘शंभर’इतकीच जागा देण्याची चूक त्याच्या हातून झाली नसती. नव्या रचनेत लेखन बदलण्याची ही वाट राहिलेली नाही. क्रमांक यूरोपीय वळणाच्या अंकांतच उमटतो. वेग मिळाला, आणि त्याच्या मोबदल्यात अंकलेखनाचे स्वातंत्र्य गेले. हा सौदा बहुसंख्य वापरकर्त्यांच्या ध्यानातही आला नसेल. ज्यांच्या लिपीत अंक निराळे आहेत, त्यांनी तरी तो ध्यानात घेतला पाहिजे.

७

या चिकित्सेतून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की ‘कार्यक्षम मापन’ हा शब्दप्रयोग अंक मोजण्याच्या रीतीला लावणे गैर आहे. तेथे वाचवण्यासारखे फारसे काही नाही. खर्च एकूण ओळी जाणून घेण्यात, टंकाचे मापन मागण्यात आणि पट्टी बदलल्यावर पटल पुन्हा मांडण्यात आहे. म्हणून मापन केव्हा करू नये, याचे ज्ञान हीच कार्यक्षमता. व्हिमने ओळींची संख्या न बदलल्याचे पाहून, मोनॅकोने टंक न बदलल्याचे पाहून, आणि कोडमिररने लेखनाची लांबी न बदलल्याचे पाहून मापन टाळले आहे. यांपैकी पहिल्या दोघांची अट त्यांच्या मापनाला पुरेशी आहे. कोडमिररच्या ५ व्या आवृत्तीची अट अपुरी आहे. टाळण्याची अट आणि मापनाचा विषय यांचा मेळ बसला पाहिजे, हा निकष अन्यत्रही उपयोगी पडेल.

दुसरा निष्कर्ष असा की पट्टी वाचण्याने हलू नये. लिहिण्याने हलली तर चालेल. या कसोटीवर व्हिमची रचना ईमॅक्सच्या मूळ वर्तनापेक्षा सरस ठरते. ईमॅक्सच्या साठवणीची अडचण खरी असली, तरी आरंभी एकदा ओळी मोजण्याचा उपाय त्याच्याच संग्रहात आहे.

तिसरा निष्कर्ष भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला अधिक जवळचा आहे. संख्या, तिचे लेखन आणि त्या लेखनाची आकृती या तीन पातळ्या वेगळ्या आहेत. यूरोपीय अंक आणि समरुंद टंक यांच्या चौकटीत त्या एकमेकींवर तंतोतंत बसतात, आणि म्हणूनच त्या वेगळ्या असल्याचा विसर पडतो. एकाचे काम दुसऱ्यावर सोपवणारे प्रत्येक गृहीतक त्या चौकटीपुरते खरे असते. देवनागरी अंक समोर आले की ते उघडे पडते. दहा अंकांची रुंदी एकदाच मोजण्याची रीत चांगली आहे. मात्र जे अंक वाचकासमोर यावयाचे आहेत, तेच दहा अंक मोजले गेले पाहिजेत. त्यासाठी लागणारा जादा खर्च, टंक बदलेपर्यंत, दहा मापनांचा आहे.